सिंड्रेलेचा चेहरा



परीकथा ही लहान मुलांची मिरास आहे, असें आपण सर्वच समजतों. परंतु ती रंगभूमीवर आली, तिला संगीताची जोड मिळाली, आणि तिच्यांतील राजकन्येचें काम कोणीं करावयाचें हा प्रश्न निघाला, म्हणजे मोठीं माणसें एकाएकीं जागीं होतात. नाटकगृहांत टाळ्या पडतात, तशाच कपाळांना आठ्याही पडतात. नायिका कृष्णवर्णीय, राजा गोरा, राजपुत्र पूर्वेकडील बेटांत जन्मलेला, अशी पात्रयोजना झाली कीं कांहीं प्रेक्षकांस त्यांत नव्या युगाची पहांट दिसते, आणि कांहींस कथेचा विध्वंस झाल्यासारखें वाटतें. अमेरिकेच्या संगीत रंगभूमीवर १९७५ पासून हा अनुभव पुनःपुन्हां आलेला आहे. त्या इतिहासाकडे आज आपणांस पाहावयाचें आहे. या वादांत कथेचें नांव पुढें केलें जातें खरें. पण भांडण कथेबद्दल फारच थोडें असतें, असें तो इतिहास पाहिल्यावर ध्यानांत येतें.

प्रथम कथाच घेऊं. सिंड्रेला म्हटली म्हणजे कांचेचा जोडा आणि भोपळ्याची गाडी आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. हें रूप तिला शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानें १६९७ सालीं दिलें. जर्मनींतील ग्रिम बंधूंनीं १८१२ सालीं हीच कथा छापली, तेव्हां तींत परी नव्हती. आईच्या थडग्यावर वाढलेलें झाड आणि त्यावरचे पक्षी मुलीला वस्त्रें देत होते. पण या दोघांच्या फार पूर्वीं, नवव्या शतकांत, चीनमध्यें दुआन चेंगशी नांवाच्या लेखकानें ये श्यान या पोरक्या मुलीची कथा लिहून ठेविली आहे. तिचा कैवारी एक मासा होता, आणि तिचा हरवलेला जोडा सोन्याचा होता. त्याहूनही मागें गेल्यास स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार भेटतो. त्यानें ऱ्होडोपिस नांवाच्या स्त्रीची दंतकथा सांगितली आहे: गरुडानें तिची पादुका उचलून मेंफिस येथें न्यायदान करीत बसलेल्या मिसरच्या राजाच्या मांडीवर टाकली, आणि राजानें पादुकेवरून तिचा शोध करून तिच्याशीं लग्न केलें. मरियन कॉक्स या इंग्रज विदुषीनें १८९३ सालीं या कथेचे व तिच्या भावंडांचे ३४५ पाठ एकत्र करून प्रसिद्ध केले. सारांश, जिचा जोडा मिसर, चीन, फ्रान्स आणि जर्मनी इतक्या ठिकाणीं सांपडला आहे, त्या मुलीचा चेहरा अमुकच एका रंगाचा होता असें शपथेवर सांगणारा साक्षीदार कोणासही आणतां यावयाचा नाहीं.

आतां प्रेक्षकाकडे वळूं. प्रेक्षक हा मोठा उदार प्राणी आहे. जें नाहीं तें आहे असें दोन-तीन तास मानावयाचें, हा करार करूनच तो तिकीट काढतो. इंग्लंडांत नाताळच्या सुमारास 'पँटोमाइम' नांवाचे गाण्यांचे व विनोदाचे खेळ होतात, आणि त्यांत सिंड्रेलेची कथा फार लोकप्रिय आहे. त्या खेळांत राजपुत्राचें काम तरुण स्त्रीनें करावें, आणि कुरूप सावत्र बहिणींचीं कामें धिप्पाड पुरुषांनीं करावीं, अशी जुनी रूढि आहे. कोणाही आईबापांनीं त्यामुळें आपल्या मुलांना नाटकगृहांतून उठवून नेलेलें ऐकिवांत नाहीं.

आपल्या मराठी रंगभूमीवर तर याहून मोठा दाखला आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला. त्या परंपरेंत भाऊराव कोल्हटकर आणि पुढें बालगंधर्व यांनीं पुरुष असून शकुंतला उभी केली. 'एकच प्याला' या नाटकांत बालगंधर्वांची सिंधू पाहून स्त्रियांनीं डोळ्यांना पदर लावले. समोर पुरुष आहे हें त्यांना ठाऊक होतें, आणि तरीही डोळे भरून येत होते. १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या, तेव्हां त्याचेंच नवल झालें. स्त्रीचें काम स्त्रीनें केलें याचें नवल वाटावें, इतकी संवय बलवत्तर असते!

अमेरिकेंतील संवय याहून कठोर होती. तेथें १८३० नंतरच्या काळांत गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फांसून कृष्णवर्णीयांचीं सोंगें आणूं लागले, आणि तीं सोंगें पुढें अनेक दशकें लोकांच्या अत्यंत आवडीचीं होऊन बसलीं. नटाचा मूळ रंग आणि पात्राचा रंग यांचा मेळ नाहीं म्हणून रसभंग झाल्याची तक्रार त्या काळीं कोणी केली नाहीं. तेव्हां 'वर्ण जुळला नाहीं तर भ्रम टिकत नाहीं' हें तत्त्व इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. गोऱ्यानें काळ्याचें सोंग आणलें तें चाललें. कारण त्या सोंगांत हंसें होतें. काळ्या मुलीनें राजकन्या व्हावयाचें म्हटलें, कीं तेथें मान आला, आणि मान कोणाला द्यावयाचा याविषयीं समाजाचे नियम फार जुने होते.

हे नियम रंगमंचापुरतेच नव्हते. ते खुर्च्यांनाही लागू होते. प्रेक्षकांच्या आवडीनिवडीचा इतिहास सांगतांना आपण एक प्रश्न विचारावयाचा विसरतों: प्रेक्षक म्हणून आंत कोणाला येऊं देत होते? जॉर्ज गर्शविन यांची 'पोर्गी अँड बेस' ही कृष्णवर्णीय पात्रांची संगीतिका १९३५ सालीं न्यूयॉर्कमध्यें आली, आणि १९३६ च्या मार्चमध्यें ती वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरांत गेली. रंगमंचावर कृष्णवर्णीय गायक गाणार, परंतु त्यांच्या भाऊबंदांस त्या नाटकगृहांत प्रवेश नाहीं, अशी तेथील वहिवाट होती. पोर्गीची भूमिका करणारे टॉड डंकन यांनीं अशा गृहांत गाण्याचें साफ नाकारलें. शेवटीं चालक नमले, आणि त्या खेळांपुरतीं दारें सर्वांना खुलीं झालीं. खेळ संपले, आणि दारें पुन्हां बंद झालीं. पुढें नटांच्या संघानेंच अशा गृहांत काम न करण्याचें ठरविलें, तेव्हां चालकांनीं १९४८ सालीं त्या नाटकगृहाचें चित्रपटगृह करून टाकलें. पण सर्वांस सरसकट प्रवेश देण्याचें कबूल केलें नाहीं. १९५२ सालीं तेथें पुन्हां नाटकें सुरू झालीं तीं सर्वांना खुलीं म्हणूनच. ज्या प्रेक्षकवर्गाच्या 'अभिरुचीचा' हवाला दिला जातो, तो अशा रीतीनें दारावरच निवडून घेतलेला असे.

ही पार्श्वभूमी ध्यानांत घेतली म्हणजे ५ जानेवारी १९७५ या दिवसाचें महत्त्व कळतें. त्या दिवशीं न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरांत 'द विझ' या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. तिची मूळ कथा फ्रँक बॉम यांची. ओझच्या अद्भुत जादूगाराची ही गोष्ट त्यांनीं १९०० सालीं लिहिली, आणि १९३९ च्या चित्रपटानें ती घरोघर पोंचली. त्या चित्रपटांतील ज्युडी गार्लंड हिचा चेहरा हाच डोरोथीचा चेहरा, असें लोकांच्या मनांत ठसून गेलें होतें. केन हार्पर या निर्मात्यानें ठरविलें कीं या कथेंतील सर्व भूमिका कृष्णवर्णीयांनींच करावयाच्या, आणि तिचें संगीतही त्यांच्या वस्तींतलें, त्यांच्या प्रार्थनामंदिरांतलें असावयाचें. संगीत चार्ली स्मॉल्स यांनीं दिलें. संवाद लिहिणारे विल्यम ब्राउन मात्र गोरे होते. दिग्दर्शन व वेषभूषा त्रिनिदादमध्यें जन्मलेले जेफ्री होल्डर यांनीं संभाळली. डोरोथी झाली स्टेफनी मिल्स. तिचें वय तेव्हां सतरा वर्षांचें होतें.

या नाटकाचा आरंभ शुभ नव्हता. बाहेरगांवच्या प्रयोगांत अडचणींमागून अडचणी आल्या, आणि दिग्दर्शकच बदलावा लागला. न्यूयॉर्कमध्यें पहिल्याच रात्रीं खेळ बंद होणार असल्याची सूचना लागली. वृत्तपत्रांतील कांहीं वजनदार टीकाकारांनीं थंड शब्दांत नाटकाची बोळवण केली. परंतु निर्मात्यानें धीर सोडला नाहीं. दूरचित्रवाणीवर जाहिरात झाली, आणि कृष्णवर्णीय समाजांत नाटकाची कीर्ति तोंडोतोंडीं पसरली. जीं कुटुंबें ब्रॉडवेच्या रस्त्याला सहसा फिरकत नसत, तीं मुलाबाळांसह तिकिटाच्या खिडकीशीं येऊं लागलीं. बंद होऊं घातलेला हा खेळ जानेवारी १९७९ पर्यंत चालला. त्याचे १,६७२ प्रयोग झाले. १९७५ च्या टोनी पारितोषिकांपैकीं सात त्याला मिळालीं, आणि त्यांतील दोन एकट्या होल्डर यांचीं होतीं.

नाटक तेंच, गाणीं तींच, नट तेच. मग अभिप्राय बदलला कसा? माझ्या समजुतीप्रमाणें अभिप्राय बदलला नाहीं, अभिप्राय देणारे वाढले. पहिल्या रात्रीं मनांत १९३९ चा चित्रपट घेऊन बसलेल्या माणसाला समोरचें सर्व कांहीं त्या चित्रपटाहून निराळें दिसलें, आणि निराळें म्हणून उणें वाटलें. पुढच्या आठवड्यांत जीं कुटुंबें आलीं, त्यांना समोर आपली बोली, आपला ठेका, आपलें नृत्य दिसलें. ही कथा घर हरवलेल्या आणि घरीं परत जाऊं पाहणाऱ्या मुलीची आहे. ज्यांच्या पूर्वजांना जहाजांत कोंबून परक्या मुलुखांत आणून विकलें होतें, त्यांच्या नातवंडांपणतवंडांना 'घर' या शब्दांत किती अर्थ ऐकूं आला असेल, याची कल्पना आपणच करावी.

आतां पुन्हां सिंड्रेलेकडे येऊं. रॉजर्स आणि हॅमरस्टीन या प्रसिद्ध जोडीनें ही कथा संगीतिकेच्या रूपानें दूरचित्रवाणीसाठीं लिहिली. ३१ मार्च १९५७ रोजीं ज्युली अँड्र्यूज हिनें केलेली सिंड्रेला दहा कोटींहून अधिक लोकांनीं पाहिली, असा त्या वेळचा अंदाज आहे. तीच संगीतिका २ नोव्हेंबर १९९७ रोजीं नव्या रूपांत दूरचित्रवाणीवर आली. या वेळीं सिंड्रेला होती ब्रँडी ही कृष्णवर्णीय गायिका. आणि तिची पाठराखीण परी झाली होती विख्यात गायिका व्हिटनी ह्यूस्टन. सावत्र आई गोरी. तिच्या दोन मुलींपैकीं एक गोरी, एक काळी. राजा गोरा, राणी कृष्णवर्णीय हूपी गोल्डबर्ग, आणि या दोघांचा चिरंजीव म्हणजे फिलिपाइन्समध्यें जन्मलेला पाओलो मोंतालबान! साऱ्या कथेंत एकही पात्र या विविधतेबद्दल चकार शब्द काढीत नाहीं. सुमारे सहा कोटी लोकांनीं हा खेळ पाहिला.

'अशा आईबापांना असा मुलगा होईलच कसा?' असा प्रश्न मोठ्या माणसांच्या मनांत उभा राहणें स्वाभाविक आहे. परंतु जेथें भोपळ्याची गाडी होते आणि उंदरांचे घोडे होतात, तेथें आनुवंशिकतेचा हिशेब मांडणारा मनुष्य गणिताच्या वहींत कविता लिहिणाऱ्याइतकाच चुकल्या जागीं आहे. परीकथेचा काळ 'एके काळीं' असा असतो, आणि देश 'एक आटपाट नगर' असा असतो. ज्या कथेला सनावळी नाहीं आणि नकाशाही नाहीं, तींत पात्राचा रंग ऐतिहासिक सत्य म्हणून मागतां येत नाहीं.

त्यानंतरच्या घटना या मार्गानेंच गेल्या. 'ब्यूटी अँड द बीस्ट' या परीकथेवरील संगीतिकेंत १९९८ सालीं टोनी ब्रॅक्सटन हिनें बेल या नायिकेची भूमिका केली. ब्रॉडवेवर ती भूमिका करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिच्यासाठीं म्हणून एक नवें गाणें रचण्यांत आलें, आणि ती गेल्यावरही तें गाणें नाटकांत कायम राहिलें. पाहुणी म्हणून आलेल्या नटीनें घरांत एक दालन वाढवून ठेवावें, तसाच हा प्रकार. रॉजर्स-हॅमरस्टीन यांची 'सिंड्रेला' ३ मार्च २०१३ रोजीं ब्रॉडवेवर आली, आणि सप्टेंबर २०१४ मध्यें कीकी पामर हिनें ती भूमिका घेतली. ब्रॉडवेवरील ही पहिली कृष्णवर्णीय सिंड्रेला. १९९७ सालीं ती चार वर्षांची होती, आणि ब्रँडीच्या सिंड्रेलेनेंच आपली वाट मोकळी केली असें तिनें जाहीरपणें म्हटलेलें आहे. एका नाटकांतील चेहरा दुसऱ्या पिढीच्या हाताला धरून रंगमंचावर आणतो तो असा.

तथापि या पात्रयोजनेला विरोध करणारे सारेच जुनाट मताचे होते असें समजणें अन्यायाचें होईल. सर्वांत मार्मिक विरोध एका कृष्णवर्णीय नाटककाराकडूनच आला. ऑगस्ट विल्सन यांनीं २६ जून १९९६ रोजीं प्रिन्स्टन येथें नाट्यव्यावसायिकांच्या परिषदेंत एक घणाघाती भाषण केलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: गोऱ्यांसाठीं लिहिलेल्या नाटकांत काळ्या नटाला उभें करून 'आम्हांला रंग दिसतच नाहीं' असें म्हणणें ही उदारता नव्हे. त्यांत त्या नटाचा इतिहास, त्याचे पूर्वज, त्याची भाषा हीं सारीं पुसलीं जातात. आम्हांला उसन्या भूमिका नकोत. आमचीं नाटकें आणि आमचीं नाटकगृहें पाहिजेत. देशांतील ज्या ६६ मोठ्या नाट्यसंस्थांचा त्यांनीं उल्लेख केला, त्यांपैकीं फक्त एकच कृष्णवर्णीयांची म्हणतां येण्याजोगी होती. पुढें जानेवारी १९९७ मध्यें रॉबर्ट ब्रूस्टीन या टीकाकाराशीं न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्यें त्यांचा जाहीर वादविवाद झाला. कला सर्वांना सामाईक असते, ही ब्रूस्टीन यांची बाजू होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ब्रँडीची सिंड्रेला लोकांपुढें आली, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

विल्सन यांच्या म्हणण्यांत मोठें तथ्य आहे. 'द विझ' आणि १९९७ ची 'सिंड्रेला' हीं एकाच वाटेवरचीं दोन ठिकाणें नव्हत. पहिलींत कथाच नव्या घरीं नांदावयास गेली. तिला तेथील सूर आणि तेथील ताल मिळाला. दुसरींत घर जुनेंच राहिलें, फक्त त्यांत पूर्वीं मज्जाव असलेल्या मुलीला मानाच्या पाटावर बसविलें. पहिला मार्ग अधिक निर्मितिक्षम आहे, हें मी मान्य करतों. पण दुसरा व्यर्थ आहे असें मात्र मला म्हणवत नाहीं. सोळासतरा वर्षांनंतर कीकी पामर रंगमंचावर आली ती त्या दुसऱ्या मार्गानें. लहान मुलाला सिद्धांत कळत नाहींत. मानाच्या पाटावर कोण बसलें आहे तें त्याला तत्काळ कळतें. विल्सन यांचा इशारा एवढ्यापुरता जवळ बाळगावा, कीं एक चेहरा बदलला म्हणजे सारा न्याय झाला अशी समजूत करून घेऊं नये.

जुनी कुरकुर अजून संपलेली नाहीं. अँडरसनच्या १८३७ च्या जलपरीच्या कथेवरील संगीत चित्रपट २०२३ सालीं आला, आणि त्यांत हॅले बेली ही कृष्णवर्णीय गायिका जलपरी झाली, तेव्हां 'जलपरी काळी कशी?' असें विचारणारे पुष्कळ निघाले. अर्धें अंग माशाचें आहे याबद्दल कोणाची तक्रार नव्हती!

हें सर्व ऐकून आपण दूर देशींच्या लोकांवर हंसूं नये. आपल्या भाषेंत 'वर्ण' या एकाच शब्दाला रंग आणि जात असे दोन्ही अर्थ आहेत, आणि भाषा उगीच असे अर्थ साठवीत नाहीं. आमच्या शाळामास्तरांच्या धंद्यांत स्नेहसंमेलन नांवाचा एक वार्षिक प्रसंग असतो. त्या वेळीं राजकन्या कोणाला करावयाची असा प्रश्न निघाला, कीं सर्वांचीं बोटें वर्गांतल्या गोऱ्या मुलीकडे वळतात. आणि जिचा आवाज खरोखर गोड आहे, जिचें पाठांतर चोख आहे, अशी सांवळी मुलगी दासी होते, चेटकीण होते, नाहीं तर पडद्यामागें पेटी वाजवीत बसते. ज्या महाराष्ट्रानें काळ्यासांवळ्या विठोबाला माउली म्हटलें, ज्या देशाच्या महाकाव्याची नायिका कृष्णा या नांवानें ओळखली गेली, तेथें ही रीत कोठून आली? वर्तमानपत्रांतील विवाहाच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द गुणांच्या यादींत बसतो, त्याची तालीम कदाचित् स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावरच होत असावी.

पात्रयोजना ही क्षुल्लक बाब नव्हे ती याचसाठीं. नाटक पाहून परत जातांना मूल दोन गोष्टी घेऊन जातें. एक, कथा, ती कांहीं दिवसांनीं पुसट होते. दुसरी, या जगांत सुखाचा शेवट कोणाच्या वांट्यास येतो याची समजूत. ती मात्र जन्मभर टिकते. ज्या मुलीनें आपल्या रंगाची राजकन्या कधींच पाहिली नाहीं, तिच्या मनांत ही समजूत एका रीतीची होते. आणि ज्या गोऱ्या मुलानें दुसऱ्या रंगाची राजकन्या कधीं पाहिली नाहीं, त्याच्याही मनांत ती तितकीच अपुरी राहते. नुकसान दोघांचें आहे.

सिंड्रेलेच्या कथेंत राजाचे दूत घरोघर फिरतात तेव्हां मुलींचे चेहरे पाहत नाहींत. ज्या पायाला जोडा येईल तो पाय शोधतात. रंगभूमीनेंही हाच दंडक पाळावा. ज्या गळ्यांत तें गाणें आहे आणि ज्या अंगांत तो अभिनय आहे, त्याला ती भूमिका द्यावी. आणि जोडा घेऊन निघालेल्यांनीं एकही दार न ठोठावतां पुढें जाऊं नये. मूळ कथेंतही ती मुलगी शेवटच्याच दाराआड, राखेंत बसलेली होती.